वरच्या मजल्याची घरपट्टी

पडदेवाल्या मावशींनी गावातल्या निम्म्या घरांत शिडी लावली होती. कोणाच्या बैठकीत ऊन किती वाजता येतं, कोणाची भिंत ओल धरते, कोणत्या घरात नवरा-बायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात, सगळं त्यांना ठाऊक होतं. यातलं एक अक्षर कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही, म्हणून तर लोक त्यांना थेट आतल्या खोलीपर्यंत येऊ देत. गळ्यात मापाची टेप, कानामागे पेन्सिल आणि दारातून आत पाऊल टाकताच पहिला प्रश्न, "उजेड हवाय की नकोय?" बाकी सगळं त्या उत्तरावर ठरायचं.

स्वतः मात्र त्या तीस वर्षं भाड्याच्या घरात राहिल्या. घरमालक जिन्यात अडवून "आमचा मुलगा परत येतोय हो" म्हणाला की समजायचं, बोचकं बांधायची वेळ झाली. अशी सहा घरं झाली. त्या सहा मालकांच्या मुलांपैकी एकही परत आलेला त्यांनी पाहिला नाही. तिसऱ्या घरात असताना नवरा आजारपणात गेला. लेक तेव्हा शाळेत होती. मावशींनी रडून घेतलं, शिलाई मशीनला तेल घातलं आणि कामाला लागल्या. लेक शिकली, दुसऱ्या शहरात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, आणि मग एक दिवस तिनेच हट्ट धरला, "आई, आता बास. आता स्वतःचं घर."

चोपन्नाव्या वर्षी मावशींनी घर घेतलं. जुनी तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड. सगळ्यात वरचं घर त्यांचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि तिन्हीसांजेपर्यंत उजेड. बँकेचं कर्ज होतं, साठवलेलं होतं नव्हतं ते गेलं होतं, पण किल्ली हातात आली त्या दिवशी मावशींनी पहिलं काम केलं ते भिंतीत खिळा ठोकायचं. कोणाला न विचारता. मग गरज नसताना आणखी दोन ठोकले.

त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर काका आणि काकू राहत. काका छापखान्यातले मुद्रितशोधक होते, म्हणजे छापायच्या आधी मजकुरातल्या चुका शोधणारे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण खोड जिरली नव्हती. जिन्यात कोणी 'पाणी येनार नाही' अशी चिठ्ठी लावली की काका लाल पेन घेऊन खाली उतरत. आळीत त्यांचं नावच 'शुद्धलेखन' पडलं होतं. वयाने वीस वर्षांनी मोठे असूनही तेसुद्धा मावशींना मावशीच म्हणत.

घर घेऊन पाच महिने झाले असतील. एका सकाळी काका धापा टाकत वर आले. हातात फोडलेलं पाकीट.

"मावशी, माफ करा. माझं समजून उघडलं. नगरपालिकेचं पाकीट, वाटलं आपलीच घरपट्टी. आकडा पाहिला आणि छातीत धस्स झालं. मग वर नाव पाहिलं."

मावशींनी कागद घेतला. आकडा पाहून त्यांचेही डोळे पांढरे झाले. दोनदा वाचला. मग सरळ विचारलं, "काका, तुमचं किती येतं?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. "आमचं... जुनं आहे ना ते. थोडं कमी असतं."

"थोडं म्हणजे?"

"काकूने चहा ठेवलाय," म्हणत काका जिना उतरले देखील.

थोडं म्हणजे किती, ते काकूंनी संध्याकाळी सांगितलं. मावशींच्या घरपट्टीचा जेमतेम तिसरा हिस्सा. खोल्या तेवढ्याच, जिना तोच, पाण्याची टाकी तीच, कचऱ्याची गाडीही एकच.

दुसऱ्या दिवशी मावशी काम सोडून नगरपालिकेत गेल्या. घरपट्टी विभागात काचेच्या खिडकीमागे एक कारकून बसला होता. माणूस वाईट नव्हता. तेच ते सांगून कंटाळलेला होता.

"बिल बरोबर आहे, मावशी. घराची खरेदी-विक्री झाली की आजच्या दराने नवी आकारणी होते. विकलं नाही तर जुनाच दर चालू राहतो. तुमच्या खालच्यांचा दर पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे."

"म्हणजे मी राहायला आले म्हणून भिंती रुंदावल्या का?"

"भिंती नाही हो. भाव."

"मग मी काय जास्त कचरा टाकते? माझ्यासाठी रस्त्यावर वेगळा दिवा लावलाय?"

कारकून हसला. "मुद्दा बरोबर आहे तुमचा. पण नियम मी केलेला नाही." त्याने आक्षेपाचा अर्ज काचेखालून सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "तुलनेसाठी दुसरी मालमत्ता. इथे खालच्यांचा घर क्रमांक लिहा. सारखं घर, पट्टीत एवढा फरक, असं दाखवता येईल. फक्त एक आहे. त्यांचीही फाईल मग उघडते. तुमचं कमी व्हायच्या ऐवजी त्यांचंच वाढलं, असंही होतं कधीकधी."

मावशी अर्ज घडी करून घरी आल्या. रविवारी लेक आली तेव्हा अर्ज टेबलावर तसाच पडला होता. सगळे रकाने भरलेले, तो एक सोडून.

"लिही ना क्रमांक," लेक म्हणाली. "खोटं थोडंच लिहायचंय?"

"खोटं नाही गं. पण काकांचं पेन्शन ते केवढंसं! मी आल्यावर पहिल्या आठवड्यात काकूंनी मला वरपर्यंत पाण्याचे हंडे पोचवायला माणूस शोधून दिला. आणि मी त्यांची फाईल उघडायला लावू?"

"मग तू भरत बस तिप्पट."

"ते पण नाही पटत," मावशी म्हणाल्या. दोन्ही गोष्टी त्यांना मनापासून नको होत्या, आणि तिसरी काही सुचत नव्हती.

लेक बिल चाळत होती. चाळता चाळता थांबली. "आई, आपलं घर एवढं मोठं आहे?"

मावशींनी क्षेत्रफळाचा आकडा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. माप हा त्यांचा प्रांत. गळ्यातली टेप काढली, लेकीला दुसरं टोक धरायला लावलं आणि दोघींनी घर मोजलं. भिंत ते भिंत, कोनाडे, मोरी, सगळं. मावशींनी पडद्याच्या कापडाचा नकाशा काढतात तसा तपकिरी कागदावर घराचा नकाशा काढला. बिलातलं घर त्यांच्या घरापेक्षा चांगलं एका खोलीने मोठं निघालं. मग त्या जिना चढून गच्चीवर गेल्या, गच्चीच्या दारासमोरची मोकळी जागा आणि तिथली टाकीची खोली मोजली, आणि कोडं सुटलं. सगळ्या इमारतीची सामायिक जागा एकट्या मावशींच्या नावावर चढवली होती.

"कोणी वर न चढताच लिहिलंय हे," मावशी म्हणाल्या. त्यांना राग आला होता, पण कारागिराचा राग. माप न घेता कापड फाडणाऱ्या माणसावर येतो तसा.

अर्जाची भाषा नीट हवी म्हणून त्या काकांकडे गेल्या. काकांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि अर्ज वाचायला घेतला. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, एक वाक्य तोडून दोन केली. मग बिल मागून घेतलं आणि ओळीवर पट्टी ठेवून, छापखान्यात ठेवत तशी, एकेक आकडा तपासू लागले. शेवटच्या रकान्याशी आल्यावर ते ताठ बसले.

"मावशी! बांधकामाचं वर्ष बघा!"

बांधकामाचं वर्ष म्हणून मावशींनी घर घेतलं ते वर्ष छापलं होतं. चाळीस वर्षांची इमारत कागदावर कोरी करकरीत झाली होती, आणि जुन्या बांधकामाला मिळणारी सूट गेली होती.

"सापडली!" काका आनंदाने ओरडले. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं उंदीर सापडला.

हसणं ओसरल्यावर काकांची नजर पुन्हा अर्जावर गेली. "हा रकाना रिकामा राहिलाय."

"राहू दे, काका. त्याची गरज नाही."

काकांनी रकान्याचं शीर्षक वाचलं. पेनाला टोपण लावलं.

सुनावणीचा दिवस उजाडला. लांब खोली, लाकडी बाकं, भिंतीला गठ्ठे लावलेली कपाटं. आक्षेप ऐकणाऱ्या अधिकारी बाई मावशींच्याच वयाच्या होत्या आणि सकाळपासून बोलून त्यांचा घसा बसला होता. मावशींनी तपकिरी कागद टेबलावर पसरला. बाईंनी तो जवळ ओढला. एवढा स्वच्छ नकाशा त्या खोलीत बहुधा बऱ्याच दिवसांत आला नसावा.

"हा कोणी काढला?"

"मीच. पडदे शिवते मी."

क्षेत्रफळ आणि वर्ष, दोन्ही चुका बाईंनी तिथल्या तिथे मान्य केल्या. "एवढंच ना?" त्यांनी विचारलं. मावशी हो म्हणणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "अजून एक आहे."

शुद्धलेखन काका उठून पुढे येत होते. इस्त्रीचा सदरा, हातात स्वतःचं बिल. त्यांनी ते मावशींच्या बिलाशेजारी ठेवलं.

"मी यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. घर तेवढंच, वर्ष तेच. चुका दुरुस्त केल्या तरी यांची पट्टी माझ्या दुपटीच्या जवळ राहणार. तुलनेचा रकाना यांनी माझ्यासाठी रिकामा सोडलाय. मला रिकामा रकाना बघवत नाही."

"काका, कशाला?" मावशी हळूच म्हणाल्या.

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, यात तुमची पट्टी वाढू शकते. कल्पना आहे ना?"

"आहे. वाढवायची तर वाढवा. पण एकदम धाडकन नको, आणि माझ्या एकट्याची नको. जुन्या सगळ्यांना थोडं थोडं वर न्या, नव्यांना थोडं खाली आणा. नवा माणूस आला म्हणून जुन्यांचाही भार त्याच्या डोक्यावर टाकायचा, हे मला तरी बरोबर वाचता येत नाही."

बाकावरच्या एका माणसाने मान हलवली. बाईंनी दोन्ही बिलं उचलून नकाशावर ठेवली. मग म्हणाल्या, "दर ठरवणं माझ्या हातात नाही, ते सभेत ठरतं. पण ही दोन बिलं आणि हा नकाशा मी माझ्या शेऱ्यासह सभेपुढे पाठवते. पुढे काय होईल ते होईल."

नगरपालिकेच्या जिन्यात काकू वाटच बघत उभ्या होत्या. "बोललात ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं आणि मग मावशींना म्हणाल्या, "चार दिवस घास गोड लागत नव्हता यांना. शेवटी मीच म्हटलं, जा आणि सांगून या एकदाचं. आपण काही उपाशी मरत नाही."

मावशींनी काकूंचा हात धरला आणि दोघी तशाच खाली उतरल्या, काका पुढे आणि त्या मागे.

दुरुस्त बिल महिन्याभरात आलं. आकडा बराच उतरला होता, मावशींचा जीव भांड्यात पडला. सभेचा निर्णय यायला मात्र सव्वा वर्ष गेलं. सगळं मागितलं तसं मिळालं नाही. नव्या घरमालकांना वाढीव दर एकदम न लावता आठ वर्षांत पायरीपायरीने लावायचा आणि जुन्या घरांचा दरही दरवर्षी किंचित वाढवायचा, असं ठरलं. जुन्यांतल्या काहींनी काकांशी बोलणं टाकलं. त्यातले दोघे उन्हाळ्याआधी परत बोलायला लागले, कारण अर्ज लिहून घ्यायला दुसरं कोणी मिळेना. काकांची घरपट्टी थोडी वाढली. काकू म्हणाल्या, फार काही झालं नाही, एक पेपर बंद करावा लागेल, आणि तसेही हे दोन पेपर वाचून दोन्हींवर चिडतात.

त्या वर्षीची घरपट्टी भरायला मावशी स्वतः गेल्या. काचेमागे तोच कारकून होता.

"तुमच्या पायी माझी जेवायची सुट्टी गेली, मावशी," तो शिक्का मारत म्हणाला. "रोज चार नवे लोक येतात. सगळ्यांना घर मोजायचंय, सगळ्यांना बांधकामाचं वर्ष तपासायचंय."

"मग चुका निघतायत की नाही?"

"निघतायत की!" तो म्हणाला आणि आपण हे मोठ्याने बोललो म्हणून जरा ओशाळला.

पावती पर्समध्ये ठेवून मावशी वळल्या. बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं. बायकोच्या हातात पाकीट, नवऱ्याच्या चेहऱ्यावर घाम. दोघंही एकाच कागदाकडे बघत होते, पण वाचत नव्हते. मावशींना दुपारी एका घरी माप घ्यायला जायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास होता.

त्या बाकाच्या कडेला टेकल्या. "सरका जरा," म्हणाल्या. "द्या बघू इकडे. कोणता मजला तुमचा?"