देवाला बोललेला बोकड

परवा नातसून बचत गटातून शेळीसाठी कर्ज घेऊन आली आणि मला एकदम अणदूरची आमची पहिली शेळी आठवली... गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन.

वडिलांच्या मजुरीवर आमचं घर चालायचं. पावसाळ्यात काम नसलं की सावकाराकडून ज्वारी आणायची आणि सुगीला दिढीनं परत करायची, म्हणजे पोत्याला दीड पोतं. त्यातून डोकं काही वर निघत नव्हतं. शेवटी आईनं शेजारच्या भागूकाकूंची एक गाभण शेळी अर्धलीनं आणली.

अर्धल म्हणजे शेळी त्यांची, राखायची आपण आणि करडं निम्मी निम्मी. पहिली निवड मात्र मालकिणीची. सगळे पाट, म्हणजे मादी करडूच निवडतात, कारण ती घरात राहिली तर पुढं वाढते... बोकड एकदा विकला की संपला.

विताना शेळी अडली. आई इतकी घाबरली की तिनं खंडोबाला बोलून टाकलं, "सुखरूप मोकळी कर देवा, बोकड तुजा."

दोन करडं झाली. एक पाट, एक बोकड. आईचा आनंद घटकाभरच टिकला... काकू पाट नेणार आणि आपल्या वाट्याचा बोकड तर देवाचा. एवढं राबून घरात काहीच राहणार नव्हतं. मला तर आईचा भयंकर राग आला होता.

करडं चाऱ्याला लागल्यावर काकू वाटणीला आल्या. आईनं मान खाली घालून सांगितलं, "काकू, बोकड म्या देवाला बोलून बसले. तुमी पाट न्या."

काकू हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "शेळी माजी, अडली बी माजीच. मग नवस कुणाचा गं? माजाच की," म्हणाल्या. बोकड काखोटीला मारला, शेळीची दोरी धरली आणि चालत्या झाल्या.

पाट आमच्याकडं राहिली. पुढं तिची करडं झाली, त्यांचीही झाली... पावसाळ्यात एखादा बोकड बाजारात गेला की ज्वारी यायची. गरीब होतो ते राहिलोच, पण सावकाराच्या ओट्यावर आईला पुन्हा बसावं लागलं नाही.

काकू विधवा होत्या, त्यांचंही हातावरचंच पोट. बोकड जत्रेत देवाला गेला, त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही, हे मला फार उशिरा उमगलं. आईला मात्र ते तेव्हाच टोचत असावं. हात जरा मोकळा झाल्यावर ती एक चांगली पाट घेऊन त्यांच्या दारात गेली.

काकूंनी ती ठेवून घेतली... आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या आळीतल्या एका लेकुरवाळीला अर्धलीनं देऊन टाकली.