बॅगेवरून दिसणारी बोटं

दुकानदाराने मोठी, मधली आणि छोटी अशा तीन बॅगा माझ्यापुढे उभ्या केल्या. "लेकीकडे परदेशात सहा महिने म्हणजे मोठीच घ्या, आजी." मी मोठी उचलून छातीशी धरली आणि खाली पाहिलं. पायाची बोटं दिसेनात.

लेकीच्या बाळंतपणाला पहिल्यांदा निघाले तेव्हा अशीच अजस्र बॅग घेतली होती. त्यात डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट आणि चक्क पोळपाट! त्या देशात लाकूड मिळत नाही, असं तेव्हाच्या मला, त्या शहाण्या बाईला, वाटलं असावं. आदल्या दिवशी आमचे हे बॅग कवटाळून वजनकाट्यावर चढले. बॅगेमुळे ह्यांना काटा दिसेना, म्हणून मी जमिनीवर ओणवी होऊन आकडा वाचायचा आणि त्यातून ह्यांचं वजन वजा करायचं.

"अहो, श्वास कसला रोखताय? त्याने बॅग हलकी होते का?"

"आधी पोळपाट काढ, मग सोडतो!"

पोळपाट गेलाच माझ्याबरोबर. तो अजून लेकीकडे आहे. हे नाहीत. आता बॅग घेऊन काट्यावर मीच चढणार, आणि आकडा सांगायला खाली कुणी नसणार.

मधली धरून पाहिली, मग छोटी.

"आजी, हिच्यात काय मावणार?"

"माझी बोटं दिसतायत ना, मग झालं."

काही न कळून तो माझ्या पायांशी वाकून बघू लागला. मी बॅग तशीच धरून थोडा वेळ उभी राहिले. श्वास रोखून.