एलिसापीचं उत्तर

ॲडलेडमधल्या मॉसन लेक्सच्या मराठी मंडळात मीनाक्षी सबनीसची ओळख एकच होती. सभा कितीही रंगो, गणपतीच्या मखरावरून कितीही बाचाबाची होवो, मीनाक्षीने लिहिलेलं इतिवृत्त वाचलं गेलं की कोणी ब्र काढत नसे.

ही सवय तिने मुलुंडहून आणली होती. लग्नानंतर तिथल्या सोसायटीची ती चिटणीस होती. तिथला शिरस्ता सोपा होता. ठराव वाचायचा, एकदा सगळ्यांकडे बघायचं, आणि कोणी बोललं नाही की लिहून टाकायचं, ‘कोणाचीही हरकत नाही.’ गप्प बसला तो राजी. मग घरी जाऊन त्याने कितीही कुरकुर केली तरी उपयोग नाही.

ॲडलेडला आल्यावर तिला कोर्टांच्या आणि चौकश्यांच्या सुनावण्या टाइप करून देणाऱ्या एका एजन्सीत काम मिळालं. महामारीत ऑफिस बंद झालं आणि जेवणाच्या टेबलाचं एक टोक तिचं ऑफिस झालं. दुसऱ्या टोकाला स्पृहा, तिची मुलगी, युनिची लेक्चर्स ऐकायची. इथलं काम आटलं, तेव्हा एजन्सीने थेट कॅनडाच्या उत्तर टोकावरच्या एका गावाचं काम धरलं. तिकडच्या संध्याकाळच्या सभा इथे सकाळी पडत. मीनाक्षी दिवसभरात त्या लिहून काढी आणि तिकडची माणसं उठायच्या आत इतिवृत्त त्यांच्या हाती असे.

ते गाव इनुइट या तिथल्या मूळ लोकांचं. पूर्वी त्यांच्या जमिनीचे, बर्फाचे, प्राण्यांचे सगळे निर्णय दूर दक्षिणेतल्या राजधानीत होत. मग इनुइटांनी वर्षानुवर्षं वाटाघाटी करून सरकारशी जमिनीचा करार केला. आता तिथे खाण काढायची, जहाज आणायचं, तर आधी गावाला विचारावं लागे. म्हाताऱ्या शिकाऱ्यांनी सांगितलेलं पुरावा म्हणून परवानग्या ठरवणाऱ्या मंडळापुढे जाई आणि त्या मंडळावर त्यांची स्वतःची माणसं बसत. मीनाक्षीने करार हौसेने वाचून काढला आणि नवऱ्याला, शैलेंद्रला, चहाबरोबर सांगितला.

“म्हणजे तिकडे सीललासुद्धा विचारतात,” तो म्हणाला. “इथे सोफा बदललास तेव्हा मला कुठे विचारलं होतंस?”

ती हसली. पण आपण काहीतरी मोठ्या कामाला हातभार लावतोय असं तिला मनापासून वाटत होतं.

त्या सभेत प्रश्न एका खाणकंपनीच्या जहाजाचा होता. कंपनीला वसंतातच, समुद्र गोठलेला असताना, बर्फ फोडत जहाज आणायचं होतं. गावाची शिकारीची वाट त्याच बर्फावरून जात होती. एरवी अशा सभेला लिहिणारा माणूस विमानाने गावात जाऊन लोकांमध्ये बसला असता. पण साथीमुळे बाहेरच्या कोणालाच गावात प्रवेश नव्हता. गावकरी सभागृहात अंतराअंतराने बसले होते, कंपनीची माणसं आपापल्या घरी आणि मीनाक्षी तिच्या टेबलाशी. दुभाषी जोआनासी इंग्रजीत सांगे, ते ती कानाने ऐकून लिहीत होती.

एलिसापी नावाच्या आजींची पाळी आली. त्या वाटेवर सगळ्यात जास्त वर्षं चाललेल्या त्याच. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, जहाज वसंतात आलं तर तुम्हाला चालेल का? आजींनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. बोलल्या काहीच नाहीत. जोआनासीही काही बोलला नाही. सभा पुढे सरकली.

मीनाक्षीने ते नाक पाहिलं होतं. तिला वाटलं, शिंक आली असेल. तिची बोटं मुलुंडच्या वळणाने चालली आणि तिने लिहिलं, ‘एलिसापी: हरकत नाही.’

दीड-दोन महिने गेले. दुसऱ्याच कसल्याशा सभेत कंपनीचा एक नवा माणूस एका शिकाऱ्याला प्रश्न विचारून वाट बघत राहिला. शेवटी म्हणाला, आवाज येत नाहीये का? सभागृहात हशा पिकला. जोआनासी म्हणाला, “त्याने केव्हाच उत्तर दिलंय. भुवया वर म्हणजे हो. नाक मुरडलं म्हणजे नाही.”

मीनाक्षीचे हात थांबले. तिने जुनं चित्रण लावून पाहिलं. एलिसापीने नाक मुरडलं होतं. चांगलं ठसठशीत, दोनदा. नाक मुरडणं म्हणजे काय, हे मराठी बाईला कोणी शिकवायला हवं होतं का? साऱ्या भाचरंडांना ज्या एका गोष्टीवरून तिने आयुष्यभर दटावलं, तीच तिच्या डोळ्यांसमोर झाली आणि तिने तिचा होकार करून टाकला.

त्याच दिवशी कळवायला हवं होतं. मंडळाचा निर्णय अजून व्हायचा होता. तिने एजन्सीला मेल लिहायला घेतला आणि खोडला. मीनाक्षीचं इतिवृत्त कधी चुकत नाही, असं एजन्सीतही बोललं जाई. ती स्वतःला सांगत राहिली, एका म्हातारीच्या एका ओळीवर काय अडणार आहे? बाकीचे बोललेच आहेत की. पोळ्या लाटताना नेमकं ते नाक समोर येई आणि पोळी करपे. शैलेंद्रने विचारलं तर म्हणाली, मास्कमुळे डोकं दुखतंय. घरात कोण मास्क लावतं, असं तो म्हणाला नाही.

मग निर्णय आला. परवानगी एका हंगामापुरती होती. कारणांमध्ये लिहिलं होतं, वाटेची सर्वांत जास्त माहिती असलेल्या ज्येष्ठांनीही हरकत घेतली नाही.

जहाज गेलं. नंतरच्या सभेत गावातल्या लोकांनी सांगितलं की वाट मधोमध फुटली, पलीकडच्या शिकारीच्या तळावर कोणालाच जाता आलं नाही आणि एलिसापीच्या घरी त्या वसंतात सीलचं मांस आलं नाही. मीनाक्षीने हे शब्दन् शब्द टाइप केलं आणि टेबलावर डोकं टेकलं.

स्पृहाने हेडफोन काढले. आईने तिला सगळं सांगितलं. कधी कळलं होतं, तेही सांगितलं. पोरीने हेडफोन गुंडाळून ठेवले. मग म्हणाली, “आई, मिस्टेक इज वन थिंग. बट यू न्यू.”

मेल गेला. एजन्सीने ते काम तिच्याकडून काढून घेतलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. गावाने मंडळाकडे नोंद दुरुस्त करायची मागणी केली. पुढच्या वर्षाची परवानगी त्यावरच ठरणार होती. त्यासाठी ती नोंद लिहिणारीने काय झालं ते सर्वांसमोर सांगावं, असं अध्यक्ष म्हणाले.

ॲडलेडमध्ये तेव्हा थंडी होती. मीनाक्षी शाल पांघरून कॅमेऱ्यासमोर बसली. तिने चूक सांगितली. नंतर, कोणी विचारलं नसताना, हेही सांगितलं की निर्णयाच्या आधीच मला कळलं होतं आणि मी बोलले नाही. जोआनासीने ते गावच्या भाषेत, इनुक्टिटूटमध्ये, सांगितलं. त्याला जरा वेळ लागला.

मग तिने एलिसापीला विचारलं, “आजी, तुम्ही मला माफ कराल का?”

एलिसापीने तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. तिने नाक मुरडलं.

जोआनासीने सांगायला तोंड उघडलं, पण मीनाक्षीनेच मान हलवली. तिला समजलं होतं.

आता इतिवृत्त एजन्सीतली दुसरीच एक मुलगी लिहीत होती. कॅमेरा बंद करायच्या आधी मीनाक्षीने त्या मुलीला विनंती केली की शेवटचा प्रश्नही नोंदव, आणि त्यापुढे लिही, ‘एलिसापी: नाही.’