जावयाला कळत नाही

पुण्याला शिकणारी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, हा पिक्चर पाहाच. देशोदेशीच्या लोकांना एकमेकांशी बोलताच येत नाही, त्याच्यावर आहे." त्यासाठी एवढे देश पालथे घालायची गरज नव्हती, पण पोरगी सांगते म्हणून आम्ही दोघं यवतमाळच्या घरात जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसलो.

पिक्चरमध्ये चार देशांतल्या चार गोष्टी. एक संपायच्या आत दुसरी सुरू. एका गोष्टीत म्हातारा दवाखान्यात पडलेला, परक्या मुलखातला जावई खाटेशी उभा, आणि मधली नर्स दोघांना एकमेकांचं भलतंच सांगते.

"कायले एवढा घोळ?" बायको म्हणाली. "हात धरला असता तरी समजलं असतं म्हाताऱ्याले."

मी नाक पुसलं.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. बायको उमरखेडकडच्या बंजारा तांड्यावरची. आईशी, म्हणजे याडीशी, ती गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलते. मी बाभुळगावचा, कापूस-तुरीच्या घरातला, पेशानं शाळामास्तर. लग्नापासून दोन्हीकडचे धरून चाललेले आहेत की जावयाला गोरबोली कळत नाही.

जावयाला कळते. शिकायला म्हणून मी कुठे गेलो नाही. बायकोच्या रोजच्या फोनमधूनच ती कानात बसली. मुलगी रांगायला लागली तोवर सगळं समजत होतं. सांगणारही होतो. पण तांड्यावर सांगायचं म्हणून गेलो, तर पंगतीत मेहुणी माझ्यासमोरच म्हणाली, हा माणूस बैलासारखा रवंथ करत जेवतो. सगळे हसले. मी चावत राहिलो. त्यानंतर सांगायचं म्हणजे तेही ऐकलं होतं, असं सांगणं आलं.

एवढ्यावर भागलं असतं. पुढे सासरे, म्हणजे बायकोचे बापू, खाटेला खिळले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, जावयाला पाहायचं म्हणतात. बायको म्हणाली, "त्यांना नको ओढू, याडी. तांड्यात आले की पाय आखडून बसतात. आणि शाळेत परीक्षा आहेत."

मी तिच्यासमोर तुरीच्या शेंगा सोलत होतो. परीक्षा नव्हत्या. रजा शिल्लक होती. 'मी येतो' एवढंच म्हणायचं होतं, पण जावयाला कळत नव्हतं. शिवाय कारण सोयीचं होतं. ती एकटी गेली. अंत्यविधीला मी वेळेवर पोचलो.

तर पिक्चर चालू, फोन स्पीकरवर, आणि बायको आईला सांगत होती, "तुझ्या जावयाला सर्दी झालीय. केव्हाचे नाक ओढताहेत."

"सर्दी नाही," मी म्हणालो. गोरबोलीत.

"कोण बोललं?" सासूबाईंनी विचारलं.

"टीव्ही," बायकोनं सांगितलं आणि फोन ठेवला.

पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी ओरडून विचारत होतं.

"कवापासून?" बायको म्हणाली.

"पोरगी रांगत होती तेव्हापासून."

"म्हणजे बापूच्या वक्ती..."

"हो. समजलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

मी मेहुणीचं सांगितलं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते फारच किरकोळ वाटलं.

"रवंथ," ती म्हणाली आणि आत निघून गेली. पिक्चर मी एकट्यानं संपवला. काही समजलं नाही.

पुढे कित्येक दिवस ती आईशी बोलायला गच्चीवर जायची. मग एका संध्याकाळी जिना उतरून आली ती फोन माझ्यापुढे धरूनच.

"याडी हाय. बापू जावई जावई करत गेला, हे तिच्या अजून तोंडी असते. परीक्षेचं खोटं मी सांगितलं, आजवर मीच सांभाळलं. आता तुमचं तुम्ही सांगा."

फोन कानाला लावला तेव्हा ध्यानात आलं, ही भाषा मला नुसती समजते. बोलायची वेळच आणली नव्हती. पहिलं वाक्य अर्ध्यात मोडलं, दुसरंही.

"दमानं," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. "मी ऐकते आहे."

बायको समोर बसली होती, तिनं टीव्ही लावला नव्हता.

"परीक्षा नव्हत्या," मी म्हणालो.