बदली चढाईपटू

आमच्या कॉलेजात ओरडायला शिकवलं जायचं. कबड्डीचा आंतरमहाविद्यालयीन सामना असला की दुपारचे तास रद्द व्हायचे आणि जिमखान्याचे सर आम्हाला पटांगणात उभं करून घोषणांची तालीम घ्यायचे. आधी मुली, मग मुलं, मग सगळे एकदम. घोषणेत कॉलेजचं नाव एकदाच यायचं, आमच्या चढाईपटूचं नाव पुन्हा पुन्हा. नंतर रांगेने मैदानावर जायचं. हजेरी तिथेच लागायची. जो ओरडणार नाही त्याची लागणार नाही, असं सर हसत सांगायचे आणि खरोखर तसंच करायचे.

तो आमच्या वर्गात होता, म्हणजे पटावर होता. वर्गात मी त्याला क्वचितच पाहिलं. चाचणी परीक्षा त्याच्यासाठी नंतर घेतली जायची आणि तो त्यात पास व्हायचा. कँटीनमध्ये खिडकीजवळचं टेबल त्याचं होतं. तो आला की बसलेली मुलं ताटल्या उचलून उठायची. कोणी उठा म्हणत नसे. प्राचार्य प्रत्येक समारंभात त्याला ‘आपला मानबिंदू’ म्हणायचे. एका वर्तमानपत्राने त्याला ‘दमाचा बादशहा’ केलं आणि ते कात्रण काचेच्या फळ्यात लागलं.

हे ‘दमाचा’ का, ते सांगितलं पाहिजे. तेव्हा चढाईला वेळेची मर्यादा नव्हती. मध्यरेषा ओलांडल्यापासून ‘कबड्डी कबड्डी’ असं एका श्वासात म्हणत राहायचं, गडी टिपायचे आणि श्वास टिकला तर परत यायचं. श्वास समोरच्यांच्या हद्दीत तुटला की चढाईपटू बाद. त्याचा तुटत नसे. इतरांच्या दोन चढायांएवढी त्याची एक असायची. तो रेषा ओलांडायचा तेव्हा आमचा आवाज सुरू व्हायचा आणि तो परत येईपर्यंत थांबायचा नाही.

त्याचं नाव मी इथे देत नाही. नाव छापून यावं म्हणून त्याने बरंच काही केलं. त्यात माझी भर नको.

खेळ तो आमच्याकडे शिकला. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते आणि गिरणीच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचे. नोकरी त्यांना कबड्डीमुळेच लागली होती. गिरणीतली जागा आणि संघातली जागा त्यांच्या लेखी एकच होती. चाळीमागच्या मातीत ते पोरांना शिकवायचे. हा भोईवाड्याहून शाळेच्या चड्डीत यायचा. त्याचे वडील सरकारी कचेरीत कारकून, घरी तसं ठीक. बाबा त्याच्याशी घरच्यासारखं मालवणीतच बोलायचे.

“माझ्या डोळ्यांत कित्याक बघतंस? पायांकडे बघ. डोळे फशवतत, पाय फशवणत नाय.”

कधी चढाई मध्येच थांबवायचे. “दम चोरू नको, झिला. माका कळता.”

तो हसायचा. खेळ संपला की आमच्याकडे जेवायचा आणि आईला म्हणायचा, “काकी, बांगड्याची अजून एक तुकडी.” ती बहुधा माझ्या वाटणीची असायची.

मग संप झाला. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. आमच्या घरापुरतं सांगायचं तर बाबा संपावर गेले, त्यांचा सगळा संघ संपावर गेला, आणि वर्ष होत आलं तरी कोणी परतलं नव्हतं. त्या सुमारास परळच्या मैदानात गिरण्या आणि मंडळांची मोठी स्पर्धा जाहीर झाली. आमच्या गिरणीच्या व्यवस्थापनाला संघ उतरवायचाच होता. गिरणीचा संघ मैदानात दिसला की गिरणी चालू आहे असं दिसतं. पण स्पर्धेच्या नियमानुसार खेळाडू गिरणीच्या नोकरीत असायला हवा होता, आणि नोकरीतले सगळे रस्त्यावर होते.

गिरणीत बदली कामगार ही जुनी पद्धत. कायम माणूस गैरहजर असला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता दुसरा घ्यायचा. व्यवस्थापनाने कॉलेजांतली नावाजलेली पोरं बदली म्हणून घेतली. आमचे प्राचार्य त्यात मध्यस्थ होते, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

ही बातमी आम्हाला तोच सांगायला आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. बाबा कॉटवर बसले होते. पुडा कॉटवर ठेवून हा वाकून पाया पडला आणि म्हणाला, “काका, रागावू नका हां. मला तुमच्याच जागेवर घेतलंय. म्हणजे बघा, जागा घरातच राहिली.”

आईने पुडा उचलला आणि त्याच्या हातात परत ठेवला.

“घेवन जा. आमच्याकडे संप आसा.”

“काकी, संप मिलमध्ये आहे. पेढ्यांचा कुठे आहे?”

“आमच्या घरात सगळ्याचोच आसा.”

तो पुडा घेऊन दारापर्यंत गेला. त्याला वाटत होतं आई गंमत करतेय. मग म्हणाला, “कप जिंकला की कायम करणार आहेत. साहेबांनी शब्द दिलाय. क्रीडा अधिकारी.” बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. तो गेला.

म्हणजे हिशेब असा होता: तो कप जिंकला तर बाबांची जागा कायमची त्याची. हे साऱ्या चाळीला कळलं. संध्याकाळी गॅलरीत बाबांच्या संघातले लोक जमले.

“तंगडीच मोडू साल्याची.”

“मोड आणि जा आत. पोलीस व्हॅन लावूनच ठेवणार आहेत तिथे.”

“मग मैदानावर जायचंच नाही कोणी. रिकाम्या गॅलरीपुढे खेळू दे.”

“रिकामी कशी राहील? मॅनेजर आपली माणसं आणून बसवेल. उद्याच्या पेपरात फोटो, प्रचंड गर्दी.”

आई दारात तांदूळ निवडत होती. कबड्डीतलं तिला काही कळत नव्हतं, नवऱ्याचे गुडघे शेकण्यापलीकडे तिचा त्या खेळाशी संबंध नव्हता. मान वर न करता ती म्हणाली, “मगे जावा. जागा अडवून बसा. पण तोंडा बंद ठेवा. तेका आपलो आवाज फुकट कित्याक देतास?”

कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही.

गिरणीचा पहिलाच सामना वरळी कोळीवाड्याच्या संघाशी होता, आणि हरणारा स्पर्धेबाहेर. उजेड असतानाच आमच्या माणसांनी लाकडी गॅलऱ्या भरून टाकल्या. कॉलेजची मुलं आली नव्हती. दगडफेकीच्या भीतीने प्राचार्यांनी त्यांना पाठवलं नाही. मी बाबांच्या शेजारी बसले होते. कोळीवाड्यातून आलेल्या बायकांना आमच्यातल्या एकीने काय ठरलंय ते सांगितलं. त्यांच्यातली एक म्हणाली, “आमचे पोर चढाईला गेले तं आमी वरडनार. त्याच्या टायमाला गप.” तसं ठरलं.

संघ मैदानात आले. गिरणीची हिरवी बनियन त्याच्या अंगात होती. सवयीप्रमाणे त्याने मध्यरेषेवर वाकून मातीला हात लावला आणि तोच हात गॅलरीकडे वर केला. एरवी इथे गर्जना व्हायची. कोणी हललं नाही. त्याने हात खाली घेतला आणि आत गेला.

पहिल्या चढाईत त्याने एक गडी टिपला. खेळाडू तो चांगला होता, हे नाकारायचं कारण नाही. परत आला तेव्हा त्याच्याच संघातल्या सहा पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या मोठ्या मैदानात त्या टाळ्या केविलवाण्या वाटल्या.

दुसरी चढाई त्याची नेहमीची होती, लांब. डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मी त्याचे कितीतरी सामने पाहिले होते, पण त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. किरटा आवाज होता. उजव्या कोपऱ्याजवळ तो वळला आणि वळताना त्या ओळीत एक फट पडली. बारीक, ‘हुप्’ असा आवाज. श्वास आत घेतल्याचा. मग पुन्हा कबड्डी कबड्डी.

पंचांनी शिट्टी मारली. दम तुटला, चढाईपटू बाद.

तो पंचांकडे नुसता बघत राहिला. मला वाटतं, असं काही होऊ शकतं हे तो विसरूनच गेला होता. शाळेपासून तो वळणावर श्वास चोरत आला होता आणि शाळेपासून त्या वळणावर आम्ही ओरडत होतो. जिमखान्याच्या सरांनी जी तालीम घेतली ती या ‘हुप्’वर पांघरूण घालण्याची होती. बादशहाचा दम आमच्या घशात होता.

शिट्टीनंतर मात्र गॅलऱ्यांनी वर्षभराचा आवाज एका झटक्यात काढला. लोक फळ्यांवर पाय आपटत होते. ती कोळीण कमरेवर हात ठेवून ओरडली, “ए बादशा! डबल भाडं परेल रं, एका चढाईत दमाच्या दोन खेपा केल्यास!” बाबा तेवढे बसून होते.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“मी तेका कितीदा सांगलंय,” बाबा म्हणाले.

यानंतरच्या चढायांत त्याने आवाज वाढवला. शांतता भरून काढायला तो ओरडून कबड्डी म्हणू लागला, आणि ओरडल्यामुळे दम आणखी लवकर संपू लागला. एकदा तर तो कोणाला न शिवताच परतला. एकदा पुन्हा शिट्टी झाली. शेवटी कोळीवाड्याच्या कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा घोटा धरला तो मध्यरेषेपासून हातभर अंतरावर. त्याने हात लांब केला, पण रेषेपर्यंत पोहोचला नाही. गिरणी हरली. मॅनेजरची गाडी पंचांनी निकाल सांगायच्या आधीच निघून गेली. पंच महापालिकेच्या शाळेत मास्तर होते. चहाच्या टपरीवर ते बाबांना म्हणाले, “आज मला ऐकू आलं हो. इतकी वर्षं काय ऐकू येत होतं, देव जाणे.”

क्रीडा अधिकारीपद बारगळलं. मॅनेजरने त्याला सांगितलं, जागेवर घेतलंय तर जागेवर उभा राहा. कागदावरचा बदली खराखुरा बदली झाला आणि बंदोबस्तात गिरणीत शिरून बाबांच्या साच्यांवर उभा राहिला. ही हकीगत आमच्या चाळीतल्या टाइमकीपरने सांगितली. बाबांनी एवढंच विचारलं, “धागो जोडूक येता तेका?” टाइमकीपरने नकारार्थी मान हलवली. संप सुरू झाल्यापासून बाबा हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आठवडाभरात त्याने गिरणी सोडली.

कॉलेजात काचेच्या फळ्यावरून त्याचं कात्रण उतरलं आणि तिथे एका भालाफेकपटूचा फोटो लागला. खिडकीजवळचं टेबल त्या मुलाकडे गेलं. हा एकदा कँटीनमध्ये आला तेव्हा कोणी उठलं नाही. मीही ताटली उचलली नाही. सावकाश खात राहिले.

जागा बाबांना परत मिळाली नाही. ती कोणालाच मिळाली नाही. गिरणी थोडी चालली, मग बंद पडली. बाबा भिवंडीला पॉवरलूमवर जाऊ लागले आणि चाळीमागच्या मातीत पुन्हा उतरले नाहीत.

मी वर्तमानपत्रात लागले आणि काही वर्षांनी क्रीडापान माझ्याकडे आलं. तिथे मी एक नियम केला. शाळा-कॉलेजच्या खेळाडूंना विशेषण द्यायचं नाही. नवी पोरं कुरकुरायची.

“मॅडम, ‘झंझावाती’ लिहू?”

“गुण किती?”

“अकरा.”

“मग अकरा लिही.”

अशाच एका दुपारी तो कचेरीत आला. पोट सुटलेलं, केस विरळ. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनी कात्रणं. जुन्या खेळाडूंना सरकार मानधन देतं, त्यासाठी त्याला अर्ज करायचा होता. मी त्याच्यावर एक लेख लिहावा आणि त्यात बाबांचे चार शब्द असावेत, गुरू म्हणून, असं त्याचं म्हणणं होतं.

“आणि तो पंच फितूर होता, हेही येऊ दे.”

“दम तुटला होता का?” मी विचारलं.

“अगं, तेव्हा सगळेच थोडा घ्यायचे.”

“म्हणजे तुटला होता.”

तो कात्रणं पुन्हा पिशवीत भरू लागला. “एवढी मोठी झालीस, पण गल्लीतलीच राहिलीस तू. कॉलेजात घसा फोडून ओरडायचीस माझ्यासाठी. त्या दिवशी एक टाळी वाजवली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“वाजवली की. शिट्टी झाल्यावर.”

तो उठला. दारात थांबून म्हणाला, “काकांना सांग, मी येऊन गेलो.”

रात्री जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. ते भात कालवत ऐकत होते.

“माझी जागा घेवक गेल्लो,” ते म्हणाले. “आता माझो शब्दय व्हयो तेका.”

त्यांनी घास घेतला, पाणी प्यायले आणि मग विचारलं, “चाय दिलंस?”

“नाही.”

“बरा केलंस.”