पायाचा लेथ

माझा उजवा खांदा गेला तो दोर ओढून. आमच्याकडे कातारकाम. पहूरच्या पलीकडे आमचं गाव. पाळण्याचे खांब, खाटेचे खूर, लाटणी, रव्या असलं सगळं घरातच कातलं जाई. दोन खुंटांमध्ये लाकूड अडकवायचं, त्याला दोराचे वेढे द्यायचे आणि दोराची टोकं धरून एकदा हा हात, एकदा तो हात असं ओढत राहायचं. लाकूड फिरतं. समोर बसून पटाशी धरतो तो कातारी. दोर ओढते तिला नाव नाही. लग्न होऊन आले तसा दोर माझ्या हातात आला, आणि पुढे पुढे खांदा असा धरला की वेणी घालायला शेजारणीकडे जावं लागे.

म्हणून लढाईच्या दिवसांत चाळीसगावचा एक सुतार आपला पायाचा लेथ विकतोय असं कळलं, तेव्हा मीच घरात धोशा लावला. पायाने फळी दाबली की खालचं चाक फिरतं, चाकावरचा पट्टा लाकूड फिरवतो; दोर नको, ओढणारी नको. एकच माणूस पुरे. ‘एकच माणूस’ हे शब्द मला फार आवडले होते. मी पण बघायला येते म्हटलं.

“तू काय देखशी तठे?” नवरा म्हणाला.

“तुम्हले दिसस तेच.”

छोट्या आगगाडीने पाचोरा, तिथून मोठ्या गाडीने चाळीसगाव. उन्हाने जीव नकोसा झाला होता, खांदा तर गाडीत बसल्यापासूनच ठणकत होता. सुताराचं दुकान बाजाराच्या मागे. तो मुलाकडे राहायला जाणार होता म्हणून दुकान मोडत होता. माणूस बोलायला गोड. भाव निरोपानिरोपीत आधीच ठरला होता; लेथ धड आहे की नाही, एवढंच बघायचं राहिलं होतं.

नवऱ्याने पाहणी मात्र झकास केली, ते मान्य करायला हवं. बैलबाजारात दात पाहतात तशी. पट्ट्याचं चामडं दुमडून कुठे चीर पडलीय का बघितलं. लाकूड ज्या दोन टोकांत धरतात ती एकमेकांजवळ आणून टोकाला टोक भिडतंय का बघितलं, भिडत होतं. मग चाकाच्या कडेशी एक काडी धरली आणि मला चाक फिरवायला सांगितलं. चाक डुगडुगत असतं तर मधूनच काडीला घासलं असतं. घासलं नाही. माझ्या हातालाही ते कुठे अडल्यासारखं लागलं नाही, आणि फिरतं लाकूड कुठे अडतं हे इतकी वर्षं दोर ओढून मला चांगलं कळत होतं. मनात म्हटलं, सुटले बाई.

मग सुताराने सागाचा तुकडा चढवला. “नाना, आता जरा चालवून बघा.”

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. आमचा नवरा जन्मभर बसून कातत आलेला. बसलेल्या काताऱ्याचे पायही कामाला असतात; पटाशी हातात असते, पण तिला रोखून धरतो तो पायाचा अंगठा. इथे उभं राहायचं आणि त्याच पायाने फळी दाबायची. पाय चालला की त्याचा हात थांबे, हात चालला की पाय थांबे, आणि चाक भलतीकडेच फिरे. पटाशी लाकडात रुतली, तुकडा उडून सुताराच्या पायाशी पडला. परत चढवला, परत तेच. ज्याच्या हातची लाटणी पाचोऱ्याच्या बाजारात हातोहात जात, त्याने उंदराने कणीस कुरतडावं तसं ते लाकूड करून ठेवलं. शेवटी पटाशी खाली ठेवून तो म्हणाला, “लेथ वाकडा शे, भाऊ. चाक अडस. आम्हले चालाव नही.”

सुतार नुसता हसला. मला नवऱ्याची दया आली आणि त्याच्या दुप्पट राग आला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि त्या अंगणापायी मी परत दोराला! परक्यासमोर बाईने नवऱ्याला खोटं पाडू नये, हे मलाही शिकवलं होतंच. पण मी इतकी थकले होते की शिकवलेलं काही आठवत बसायला जीव नव्हता.

“लेथ सरळ शे,” मी म्हटलं. “चाक कोठेच अडत नही.”

तो आता ओरडणार असं वाटलं. ओरडला नाही. पटाशी उचलून म्हणाला, “मंग तू दाब बरं फळी.”

मी लुगडं खोचलं, त्याच्या शेजारी उभी राहिले आणि फळीवर पाय ठेवला. दोर ओढणारीला ताल शिकवावा लागत नाही. लाकूड गरगर फिरू लागलं, त्याने पटाशी टेकवली आणि लांबच लांब साल न तुटता उतरत गेली. इतकं सुबक काम त्याच्या हातून मी कधी पाहिलं नव्हतं. तो पोरासारखा हसला.

“अहो नाना, हे एका माणसाचं यंत्र आहे,” सुतार म्हणाला. “घरी सवय करा. महिन्याभरात पाय वळेल.”

नवरा हो हो म्हणाला. त्याचा पाय काही वळला नाही. वळायची गरजच पडली नाही, फळीवर माझा होता.

लेथ बैलगाडीतून दारात उतरला तेव्हा सगळी गल्ली जमली. एवढ्या महागाईत हे कशाला घेतलं, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या अक्काने हटकलं, “लढाईना दिवसमा हाई कसाले लिधं रे?”

तेव्हा माझ्याकडे हात करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आणि अगदी मनापासून तो म्हणाला, “हिनासाठे लिधं, अक्का. खांदा गया हिना. आते हिले काहीच काम नही, नुसतं उभं ऱ्हावानं.”