पाटीलकाकांचा फ्यूज

परवा घरात मिक्सरची वायर जळाली आणि त्या वासाने मला भाईंदरच्या आमच्या जुन्या गॅरेजात नेऊन उभं केलं. वीस वर्षं तरी झाली असतील.

इंद्रलोक वसाहतीच्या मागे मी आणि धाकटा भाऊ सदा गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचो. एकदा गावातले पाटीलकाका त्यांच्या वडिलांची विंटेज मोटार घेऊन आले. पूर्वी मिठागरं होती त्यांची. गाडीचा फ्यूज सारखा उडत होता. कुठली वायर पत्र्याला घासून उघडी पडलीय ते शोधायला सदा डॅशबोर्डखाली शिरला. त्याने वायरी हलवल्या मात्र, चर्रकन आवाज झाला, सगळं वायरिंग पेटलं आणि तो किंचाळला. मी त्याला पाय धरून बाहेर ओढलं. वितळलेलं रबर त्याच्या तळहातांना चिकटलं होतं.

वाळू टाकून आग विझवली, फ्यूजचा डबा उघडला. आत फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार, जी कधी उडतच नाही.

"ही कोणी घातली?"

"मीच. इथवर गाडी आणायची व्हती म्हणून…"

मी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ते खाली पडले तरी मारत राहिलो. त्यांचा दात तुटला. रक्त पुसत ते एवढंच म्हणाले, "मार, चूक माजीच हाय."

सदाची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. भावासाठी मारलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

पण कामाला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढायची असते, म्हणजे गाडीत वीजच राहत नाही. ते काम माझं होतं. मी ते विसरलो होतो, आणि पहिला ठोसा मारण्याआधीच मला ते आठवलं होतं.